चाबी परत देताना

‘ऑर्डर आली, वाशिम,’ ह्यांनी बँकेतून फोन करून एवढंच सांगितलं. मी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरात उभी राहून चारी भिंतींकडे पाहिलं. बदलीच्या नोकरीत बायको आधी खुश होते की आधी रडते, असं मला कुणीतरी विचारलं होतं. दोन्ही नाही. ती आधी भिंती पाहते. कुठे खिळे ठोकलेत, कुठे तेलाचे हात लागलेत, कुठे धाकट्यानं पेन्सिलीनं रेघोट्या मारल्यात. कारण घर सोडायचं म्हणजे घरमालक पाहायला येणार आणि तो पाहील त्यावर आपलं डिपॉझिट परत येणार.

महागावला आम्ही 2019 च्या जूनमध्ये आलो. यवतमाळहून उमरखेड-नांदेडकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. बसस्टँडपासून आत दहा मिनिटं चाललं की आमची गल्ली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण, त्यात नळाची टाकी आणि एक कढीपत्त्याचं झाड. भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट दहा हजार. घरमालक काका-काकू शेजारच्याच घरात. पाच वर्षं बरी गेली. लॉकडाऊन याच घरात काढला, धाकटा याच घरात बोलायला शिकला. 2024 च्या मेमध्ये ऑर्डर आली, तेव्हा हातात बरोबर अठरा दिवस होते.

वाशिमच्या घराला पंधरा हजार डिपॉझिट सांगितलं होतं. सामान न्यायला टेम्पो लागणार, मुलांच्या शाळेचे पैसे भरायचे. महिन्याच्या मधोमध हे सगळं आलं. इथले दहा हजार पूर्ण हातात आले तरच तिथली चाबी मिळणार, असा हिशेब होता. दहा हजार म्हणजे फार मोठी रक्कम नाही असं कुणाला वाटेल. पण पगारावर चालणाऱ्या घरात दहा हजार कुठून आणायचे, हे ज्याचं त्यालाच माहीत असतं.

शिवाय मला आधीचा अनुभव होता. महागावच्या आधी आम्ही एका दुसऱ्या गावात होतो. तिथलं घर सोडताना सामान टेम्पोत चढलं, मुलगी माझ्या कडेवर, आणि तेव्हा घरमालक आत फिरून आले. ‘भिंती खराब झाल्या, सगळा रंग द्यावा लागेल,’ म्हणाले आणि सहा हजारांतले पाचशे हातावर ठेवले. आम्ही तिथं चार वर्षं राहिलो होतो. रंग आमच्या आधीचाच होता. पण सांगणार काय आणि दाखवणार काय? आम्ही आलो तेव्हा घर कसं होतं, याचा एकही कागद आमच्याजवळ नव्हता. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. निघालो. वाटेत हे काही बोलले नाहीत, मीही नाही. त्या दिवशी मी मनात ठरवलं की, पुढच्या घरात पाय ठेवायच्या आधी वही काढायची.

म्हणून महागावच्या घरात आलो, त्याच दिवशी मोठीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर मी यादी केली होती. दर्शनी खोलीच्या दाराची खालची कडी सैल. खिडकीची एक काच तडकलेली. मोरीतला नळ गळतो. स्वयंपाकघरातल्या दोन फरशा पोकळ वाजतात. मीटरचं रीडिंग इतकं. काकांना ती यादी दाखवली, तर ते हसले. ‘वैनी, तुमी तं पंचनामाच केला,’ म्हणाले, पण खाली सही केली. ती वही मी लग्नाच्या साड्यांच्या पेटीत ठेवली होती. पाच वर्षांनी ती बाहेर काढली.

मैत्रिणींनो, एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. भाड्याच्या घराचा करार दोन पुरुष करतात. स्टॅम्पपेपरवर आमच्या ह्यांचं नाव, काकांचं नाव आणि साक्षीदार म्हणून बँकेतले दोघे. पण घर वापरतं कोण? मोरीतलं पाणी कुठे तुंबतं, कुठल्या खिडकीतून पाऊस आत येतो, ओट्याच्या कुठल्या कोपऱ्याला हात लावायचा नाही, हे मला माहीत. घर सोडताना ‘हे कसं झालं?’ असं घरमालकानं विचारलं की, हे माझ्याकडे पाहणार. करारात नाव नाही, जबाब मात्र मीच द्यायचा! मग तयारीही आपणच करायला नको का?

पहिले दोन दिवस मी फक्त पाहण्यात घालवले. सकाळी उजेड चांगला असतो तेव्हा वही घेऊन एकेक खोली फिरले. वर छत, मग भिंती, दारं-खिडक्या, मग खाली फरशी. पानाचे तीन रकाने केले. पहिल्यात लिहिलं, आम्ही आलो तेव्हाच असं होतं. दुसऱ्यात, वापरून वापरून झालं. तिसऱ्यात, आमच्या हातून झालं. हे तीन रकाने वेगळे केले की निम्मी धास्ती कमी होते. मनात सगळं एकत्र असतं तोवर वाटतं की, सगळी चूक आपलीच.

यातला दुसरा रकाना महत्त्वाचा. रंग फिका होणं, उंबरठा झिजणं, नळाचा वॉशर जाणं, बटणाच्या पाटीभोवती भिंत काळी पडणं हे कुणी मुद्दाम करत नाही. माणसं राहतात म्हणून ते होतं. हे नुसतं माझं मत नाही, आपल्याकडच्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच ते आहे. भाडेपट्टा संपल्यावर भाडेकरूनं जागा मिळाली होती तशा स्थितीत परत द्यावी, पण साधारण वापरानं होणारी झीज त्यातून वगळावी, असं तो सांगतो. म्हणजे खिडकीची काच आपल्या मुलाच्या चेंडूनं फुटली तर ती आपण बदलायची. पाच वर्षांत डिस्टेंपरचा रंग उडाला तर तो काळानं उडवला.

केंद्र सरकारनं 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण त्यातली कामांची वाटणी आपल्या उपयोगाची आहे. भिंतींना चुना-रंग, दारं-खिडक्यांचा रंग, नळाचे पाइप बदलणं, विजेचं वायरिंग ही कामं घरमालकाची. नळ आणि त्याचे वॉशर, तुंबलेली मोरी, बटणं आणि सॉकेट, दाराचं कुलूप-मूठ, खिडकीची काच, डासांची जाळी ही कामं भाडेकरूची. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये, असंही त्यात म्हटलं आहे. मी ही यादी वहीत उतरवून घेतली. कुणाशी भांडायला नाही. आपण कुठे उभे आहोत, ते आपल्याला कळायला.

मग कामाला लागले. दर्शनी खोलीत अकरा खिळे निघाले. कॅलेंडर, घड्याळ, देवाचा फोटो, एक तर कशासाठी ठोकला तेही आठवेना. पक्कडीनं हलके हलके फिरवून काढले, भोकं ओली केली आणि त्यात पांढरं सिमेंट भरलं. वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासलं. धाकट्याच्या पेन्सिलीच्या रेघा साध्या खोडरबरानं गेल्या. कपाटाच्या दारावर मोठीनं चिकटवलेली स्टिकरं खोबरेल तेल लावून तासभर ठेवली, मग नखानं निघाली. दोन बटणं बदलली, मोरीच्या नळाला वॉशर घातला. सगळं मिळून चारशेच्या आत खर्च आला.

मोरीच्या टाइल्सवर पांढरा थर होता. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, ते वाळलं की चुन्यासारखं बसतं. शेजारणीनं ॲसिडची बाटली आणून दिली. ‘वरून ब्लीचिंग पावडर बी टाका, चकाचक होते,’ म्हणाली. इथं एक सांगून ठेवते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. दोन्ही मिसळलं की क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि आपल्या मोऱ्या म्हणजे एक छोटी खिडकी असलेली बंद जागा. मी व्हिनेगरचं फडकं अर्धा तास टाइलवर चिकटवून ठेवलं आणि ब्रशनं घासलं. दोनदा करावं लागलं, पण निघालं.

राहिल्या दोन गोष्टी. त्यांनीच माझी झोप घालवली होती.

पहिली, आतल्या खोलीची मागची भिंत. आम्ही जूनमध्ये आलो तेव्हा तिला नवा कोरा रंग होता. ऑगस्टमध्ये वरच्या कोपऱ्यात ओल दिसायला लागली, पोपडे धरले. काकांना सांगितलं तर ‘पाहू’ म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात परत सांगितलं, परत ‘पाहू’. पाच पावसाळ्यांत तो डाग हातभर खाली आला होता. जूनमध्ये तो दिसत नव्हता, म्हणून माझ्या यादीत तो नव्हता. ऑगस्टमध्ये ह्यांनी काढलेला फोटो जुन्या मोबाइलबरोबर गेला. आणि त्याच भिंतीला खाली कूलरची खिडकी. आता बोला!

आमच्या भागात मे महिन्यात कूलरशिवाय माणूस जगत नाही. कूलरचं पाणी ठिबकतं, खिडकीखाली क्षाराचा पांढरा पट्टा येतो. तो पट्टा आमचाच होता, मी तो तिसऱ्या रकान्यात लिहिलाही होता. पण भीती ही की, काका वरची ओल आणि खालचा पट्टा एकच समजतील आणि सगळी भिंत आमच्या माथी येईल.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. मागच्या दिवाळीत सासूबाई आल्या होत्या. वेलदोडे कुटताना लोखंडी खलबत्ता त्यांच्या हातून निसटला आणि ओट्याच्या कडप्प्याचा कोपरा तडकला. वीतभर भेग. सासूबाई इतक्या ओशाळल्या की, मीच म्हटलं, ‘आई, राहू द्या, दिसत नाही.’ आणि त्यावर पिठाचा डबा ठेवला. डबा तिथंच राहिला. काकू आठवड्यातून दोनदा तरी स्वयंपाकघरात येऊन बसायच्या. त्यांना ती भेग कधी दिसली नाही.

माझ्या एका मैत्रिणीनं सल्ला दिला, ‘शेवटचे तीन महिने भाडंच देऊ नको. डिपॉझिटमधून घ्या म्हणावं. आपले पैसे आपल्याकडे.’ बऱ्याच जणी असं करतात, मला माहीत आहे. पण तोवर ऑर्डरच आली नव्हती, भाडं देऊन झालं होतं. आणि खरं सांगू का, घरमालकाला ज्या दिवशी कळतं की आता ह्यांच्याकडून काही येणं नाही, त्या दिवसापासून तो घराकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागतो. करारात तसं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरीनं सांगितलं, ‘भेगेत काळा सिमेंट-रंग भरून टाक. घर सोडल्यावर कोण विचारतं?’ हा सल्ला मात्र मी दोन रात्री डोक्यात घोळवला. खोटं बोलणार नाही. काळ्या रंगाची पुडी आणूनही ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं कडप्पा ठोकून पाहिला. म्हणाला, ‘हा तुकडा काढून नवा बसवाव लागते. चौदाशे घेईन.’ मी त्याला तसं एका कागदावर लिहून मागितलं. तो हसला, पण लिहून दिलं. तो कागद वहीत ठेवला आणि पुडी फेकून दिली.

का, ते सांगते. वरच्या ओलीबद्दल मी काकांना सांगणार होते की, ही आमची चूक नाही. ते त्यांनी माझ्या शब्दावर मानायचं होतं, कारण कागद नव्हता, फोटो नव्हता. एकीकडे ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणायचं आणि दुसरीकडे डब्याखाली भेग लपवायची, हे मला जमेना. भेग नंतर सापडली असती, तर ओलीबद्दलचं माझं खरंही खोटं ठरलं असतं.

काकांनी आठ दिवस आधी निरोप दिला होता, ‘रविवारी संध्याकाळी घर पाहायले येतो.’ हे बरं केलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मध्येही हेच आहे. घरमालकाला जागा पाहण्याचा हक्क आहे, पण आधी कळवून आणि योग्य वेळी. (हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांना लागू आहे. आपलं गाव त्यात येतं का, ते एखाद्या वकिलाला विचारून घ्यावं.) कळवून आलेल्या माणसापुढे आपण नीट उभे राहू शकतो. सामान चढत असताना आलेल्या माणसापुढे नाही.

मी मुद्दाम मोठं सामान शनिवारीच बांधून अंगणात काढलं. भिंती मोकळ्या दिसाव्यात म्हणून. रिकाम्या खोल्यांचे फोटो काढले, मीटरचाही काढला आणि त्याच वेळी काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. म्हणजे तारीख आपोआप लागते.

रविवारी साडेपाचला काका-काकू आले. मी चहा टाकला. काका बैठकीतून सुरुवात करून आत गेले. हे त्यांच्याबरोबर, मी वही घेऊन मागे. दर्शनी खोली झाली. काकांनी भोकं भरलेली पाहिली, काही बोलले नाहीत. कडी दाखवून म्हणाले, ‘हे सैल झाली.’ मी वही पुढे केली. त्यांचीच सही. ‘व्हय, होती होती,’ म्हणाले.

मग आतली खोली. काका भिंतीसमोर थांबले.

‘हे सारं कूलरच्या पाण्यानं झालं न साहेब. पूर्ण भिंत पोपडली. प्लास्टर काढाव लागते याचं.’

हे माझ्याकडे पाहायला लागले. माझं ठरलंच होतं.

‘काका, खालचा पांढरा पट्टा आमच्या कूलरचा आहे. तो मी खरवडून रंग लावलाय, पण रंग जुळला नाही, ते मान्य. पण वरची ओल बघा. कूलरचं पाणी खिडकीपासून खाली येतं. हा डाग छतापासून सुरू होतो आणि खिडकीच्या वरच थांबतो. मधली हातभर भिंत कोरडी आहे. हात लावून बघा. आणि हा डाग पावसाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात नाही. कूलर तर उन्हाळ्यातच चालतो.’

काकांनी हात लावला. वर पाहिलं. पण पटल्यासारखं दिसेना. ‘तुमी आले तवा भिंत चांगली होती. तुमच्या वहीत बी नाही,’ म्हणाले. आणि ते खरंच होतं, वहीत नव्हतं.

तिथं मी ती ओढाताण सोडली आणि काकूंना म्हटलं, ‘काकू, जरा स्वयंपाकघरात या. तुम्हाला एक दाखवायचंय.’ पिठाचा डबा उचलला. भेग दाखवली. खलबत्त्याची हकिकत सांगितली, आणि दिवाळीपासून मी लपवली हेही सांगितलं. मिस्त्रीचा कागद हातात दिला. ‘चौदाशे म्हणाला. हे डिपॉझिटमधून कापून घ्या.’

काकू ओट्यावरून हात फिरवत उभ्या राहिल्या. तो ओटा त्यांनी स्वतः पसंत करून बसवून घेतला होता, मला माहीत होतं. माझ्या पोटात गोळा आला. मग त्या तिथूनच मोठ्यानं म्हणाल्या, ‘अवो, आयकलं का? ते मागची भिंत पयलेपासून तशीच हाय. गुरुजी राहत होते तवा बी पाणी येत होतं. आपनच रंग मारून देला ह्यांले. काऊन ह्या पोरीच्या डोक्यावर टाकता?’

आत काही वेळ शांतता. मग काका बाहेर आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘चहा झाला का?’

हिशेब पाच मिनिटांत झाला. दहा हजारांतून कडप्प्याचे चौदाशे वजा. मीटरच्या रीडिंगवरून शेवटचं वीजबिल काढलं, ते सहाशे वीस. राहिले सात हजार नऊशे ऐंशी. काकांनी आठ हजार मोजले. ‘वीस रुपये पोराच्या चॉकलेटले,’ म्हणाले. कूलरच्या पट्ट्याचं आणि रंगाचं काही कापलं नाही. ‘रंग तं आता देनंच हाय.’

मी वहीच्या पानावर लिहिलं, घर रिकामं मिळालं, तीन चाब्या मिळाल्या, मीटरचं रीडिंग इतकं, डिपॉझिटचा हिशेब पूर्ण. काकांनी सही केली. मग काकूंनी पेन मागून घेतला. ‘मी बी करतो सही. घर माह्या नावावर बी हाय, आठ नंबरावर.’ महागावला आता नगरपंचायत आहे, पण आधी ग्रामपंचायत होती. सरकारनं 2003 मध्ये ‘घर दोघांचे’ अशी मोहीम काढली होती. ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना आठमध्ये, नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचं. काकूंनी तेव्हा काकांच्या मागे लागून नाव लावून घेतलं होतं. पाच वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं.

माझी चुलत नणंद इंग्लंडमध्ये असते. तिला ही गोष्ट फोनवर सांगितली तर तिला वहीची गंमत वाटली. त्यांच्याकडे तशीच यादी असते, घर घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा ताडून पाहतात. 2007 पासून तिथल्या घरमालकाला डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं, वाद झाला तर ती योजना तो सोडवू शकते. आपल्याकडे अशी सोय नाही. आपल्याकडे वही आहे, दोघांच्या सह्या आहेत आणि माणसाचा शब्द आहे. हे तिन्ही वापरायचे असतील तर पहिल्या दिवसापासून वापरावे लागतात. शेवटच्या दिवशी काढलेली वही कुणी मानत नाही.

एवढं जरूर करा

* घरात सामान लावण्याआधी प्रत्येक खोलीची यादी करा, फोटो काढा, घरमालकाची सही घ्या. पहिला पावसाळा संपला की यादी परत पाहा. गळती-ओल दिसली तर त्याच दिवशी फोटोसह लेखी कळवा. मी इथंच चुकले होते.
* करार लेखी आणि नोंदणीकृत असू द्या. भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं.
* रंगाचा खर्च कुणाचा, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे करारातच लिहा.
* घर सोडायच्या पंधरा दिवस आधी तीन रकान्यांची यादी करा: आधीचं, वापरानं झालेलं, आपल्या हातून झालेलं. तिसऱ्या रकान्यातलं स्वतः दुरुस्त करा किंवा त्याचा खर्च लिहून घ्या.
* पाहणी रिकाम्या घरात, दिवसाउजेडी आणि गाडी यायच्या आधी करा.
* मीटरचं रीडिंग, चाब्यांची संख्या आणि डिपॉझिटचा हिशेब एकाच कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पो निघाला. काकूंनी कढीपत्त्याचा एक मोठा जुडगा पेपरात बांधून दिला. पुसदमार्गे वाशिमला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. नवे घरमालक दारात उभे होते. डिपॉझिटमध्ये सात हजार कमी होते. ते महिनाअखेरीला देतो म्हटलं, त्यांनी मानलं. स्टॅम्पपेपर टाइप करून तयार होता, ह्यांचं नाव टाकलेला. मी वाचून पाहिला आणि म्हटलं, ‘काका, यात माझंही नाव टाका. घरात मीच असते.’

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, ‘टाका. घर सोडताना तुम्हाला हिच्याशीच बोलावं लागेल.’

कागद परत टाइप व्हायला गेला. तेवढ्या वेळात मी पिशवीतून नवी वही काढली आणि पहिल्या खोलीत गेले. डाव्या हाताची खिडकी नीट लागत नव्हती. लिहून घेतलं.